तराफा, हातोडा आणि न पुसता येणारी वही

एसटीत असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल किंवा स्वयंपाक करता करता ऐकत असाल, इअरफोन नीट लावून घ्या. आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल की हा माणूस वाट चुकला. विषय आहे ब्लॉकचेन, जहाजं आणि बंदरं. आणि जागा कुठली? चंद्रपूर आणि गडचिरोली! म्हणजे जिथून कुठलाही समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, जिथे साग, बांबू, मोह आणि तेंदू आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो, तिथे.

पण बंदरावर ब्लॉकचेन जे कोडं सोडवायला आली, ते कोडं या जंगलात दीडशे वर्षांपासून आहे. माल एका ठिकाणाहून निघतो आणि दुसऱ्या ठिकाणी पोचतो. मध्ये नदी असते, नाके असतात, ठेकेदार असतात, कागद असतात. शेवटी कोणीतरी विचारतं, हा माल कोणाचा? आणि तुम्ही म्हणता ते खरं कशावरून?

हे कोडं मला पहिल्यांदा भेटलं तेंदूच्या फळीवर. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. मे महिन्यात आमच्याकडे पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पानं तोडतात. घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधतात आणि संध्याकाळी ते गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर नेऊन देतात. ती जागा म्हणजे फळी. तिथे ठेकेदाराचा माणूस वही घेऊन बसतो, त्याला दिवाणजी म्हणतात. मी सातवी-आठवीत असेन. मामीबरोबर गेलो होतो. मामीने पुडके मांडले, दिवाणजीने मोजले, लिहिले. मी वाकून वहीत बघितलं आणि मामीच्या कानात सांगितलं, "मामी, एकशे तीस लिवले त्याने."

मामी म्हणाली, "दिवाणजी, दीडशे होते जी. घरून मोजून आणले."

दिवाणजी वर न बघता म्हणाला, "वहीत एकशे तीस आहेत, बाई."

विषय तिथेच संपला. मामीच्या कमरेला पुडके बांधायच्या दोरीचा एक तुकडा होता. त्याला पंधरा गाठी होत्या, दहा पुडक्यांना एक गाठ. हिशोब दोघांकडेही होता. पण दिवाणजीच्या हिशोबाला वही म्हणत होते आणि मामीच्या हिशोबाला कोणी काहीच म्हणत नव्हतं.

ही गोष्ट डोक्यात ठेवा. आता थोडं मागे जाऊ.

सिरोंचाला जहाज येणार होतं

नकाशा उघडा. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पुढे सोमनूरजवळ इंद्रावती येऊन मिळते आणि गोदावरी भद्राचलम, राजमहेंद्री करत बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे आपल्या जंगलातून समुद्रापर्यंत एक सरळ पाण्याची वाट आहे.

ही वाट सर आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने हेरली. हा तोच माणूस, ज्याने राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला. ते काम १८५२ मध्ये पूर्ण झालं. त्याचं ठाम मत होतं की हिंदुस्थानला रेल्वेपेक्षा जलमार्गांची जास्त गरज आहे. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांमधून बोटी चालवल्या, तर वऱ्हाड आणि हिंगणघाटचा कापूस थेट पूर्व किनाऱ्यावर उतरेल, असं त्याचं गणित होतं.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्या कापसासाठी तडफडू लागल्या. गोदावरीच्या योजनेला एकदम जोर आला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीही ती उचलून धरली. सिरोंचा त्या वेळी अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचं मुख्यालय होतं. आज जिथे पोचायला गडचिरोलीहून अख्खा दिवस जातो, ते गाव तेव्हा साम्राज्याच्या नकाशावर ठळक होतं.

अडचण होती खडकांची. वाटेत नदी तीन ठिकाणी खडकांवरून धडधडत उतरते. इंग्रजांनी त्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा अडथळा अशी नावं दिली. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा आपल्या अहेरी भागात, प्राणहितेवर देवलमारीला. तिथे बंधारे, कालवे, बोटींसाठी दारं असं सगळं बांधायला घेतलं. त्यात कित्येक लाख पौंड गेले. तापाने माणसं मेली.

तोवर जग पुढे गेलं. अमेरिकेतलं युद्ध १८६५ मध्ये संपलं. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबई बंदर युरोपच्या आणखी जवळ आलं. कापूस पूर्वेकडे न जाता पश्चिमेकडे गेला. १८७१ मध्ये गोदावरीचं काम थांबवलं. सिरोंचाला जहाज आलंच नाही.

पण लाकडाला कालवा लागत नव्हता. लाकडाला पूर पुरे होता.

वाहत्या लाकडावर नाव कोणाचं?

अहेरी, आलापल्लीचा साग पूर्वीपासून नावाजलेला. अगदी २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान निघालं तेही इथलंच. बल्लारपुरात त्याची शोभायात्रा काढली होती, तुमच्यापैकी काही जणांनी रील टाकले असतील. पण रेल्वे आणि ट्रक यायच्या आधी हे लाकूड नदीतून जायचं.

पद्धत अशी. ओला साग जड असतो, तो पाण्यात बुडतो. म्हणून झाड उभं असतानाच बुंध्याभोवती साल कापून त्याला वाळू द्यायचं, मग तोडायचं. ओंडके बांबूंच्या आधाराने एकत्र बांधून तराफा करायचा आणि पाणी चढलं की नदीत सोडायचा. खाली गोदावरीच्या मुखाकडे लाकडाला गिऱ्हाईक होतं.

आता विचार करा. त्याच खडकांवर तराफा आपटला, दोर तुटले आणि पन्नास ओंडके पन्नास दिशांना गेले. दहा दिवसांनी शंभर किलोमीटर खाली एका गावाच्या काठाला एक ओंडका लागला. तो कोणाचा? लाकूड बोलत नाही. त्यावर पावती चिकटवली तर पाण्यात जाईल.

यावरचा उपाय म्हणजे हातोडा. लोखंडी हातोड्याच्या तोंडावर उलटी खूण कोरलेली असते. तो ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर जोरात मारला की खूण आत उमटते. ती पाण्याने जात नाही. घासून काढायची म्हटली तरी घासल्याची खूण राहते. हा शिक्का वनखातं आजही मारतं. डेपोत गेलात तर ओंडक्याच्या तोंडावर बघा, शिक्का दिसेल आणि शेजारी नंबर, लांबी, गोलाई लिहिलेली दिसेल.

आता इथे कायदा येतो. आधी १८७८ चा आणि नंतर १९२७ चा भारतीय वन कायदा. १९२७ चा कायदा थोड्याफार दुरुस्त्यांसह अजून चालू आहे. त्याच्या ४१व्या कलमात लिहिलंय की लाकूड वाहून नेणाऱ्या नद्या आणि त्यांचे काठ यांच्यावर नियंत्रण सरकारचं. कुठल्या वाटेने माल न्यायचा, पास कोण देणार, खुणांची नोंदणी कशी करायची, एका माणसाला किती खुणा नोंदवता येतील, हे सगळं नियमांनी ठरवायचं. ६३वं कलम म्हणतं, खूण बनावट केली किंवा पुसली तर दोन वर्षांपर्यंत कैद.

आणि ४५वं कलम सगळ्यात भारी आहे. वाहून आलेलं, काठाला लागलेलं, बुडालेलं लाकूड, ज्याच्यावर नोंदणी नसलेली खूण आहे, ज्याची खूण पुसली आहे किंवा बदलली आहे, ते सगळं सरकारचं. कोणी मालकी सिद्ध करेपर्यंत सरकारचंच. ४६व्या कलमाप्रमाणे नोटीस लावायची आणि हक्क सांगायला निदान दोन महिने द्यायचे.

म्हणजे वहीत ज्याची नोंद नाही ते आपोआप वही ठेवणाऱ्याचं झालं. आणि वही ठेवणारा कोण? जो स्वतःच जंगलाचा मालक म्हणून उभा राहिला तो. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माडिया, गोंड माणसाकडे नोंदवलेली खूण नव्हती. त्याच्याकडे ओळख होती, आठवण होती, गावाच्या सीमा होत्या. पण हातोडा नव्हता.

मेंढ्याचं पासबुक

हातोड्याचा जोडीदार म्हणजे वाहतूक परवाना. आपल्याकडे सगळे त्याला टीपी म्हणतात. जंगलातला माल रस्त्यावर आणायचा तर टीपी पाहिजे, नाहीतर नाक्यावर गाडी अडते. बंदरावर जहाजाच्या मालाचं जे बिल ऑफ लेडिंग असतं, त्याचा हा जंगलातला चुलतभाऊ समजा. माल कुठला, किती, कुठे चालला आणि कोणाच्या सहीने, हे सगळं त्यावर असतं.

२००६ मध्ये वनहक्क कायदा आला. त्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं आणि गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्काचा दावा केला आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा हक्क मिळवला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतील. हे गाव बहुमताने नाही, सहमतीने निर्णय घेतं.

हक्क मिळाला म्हणजे बांबू विकता येणार ना? नाही! कारण टीपीचं पुस्तक वनखात्याकडे. खात्याचं म्हणणं, बांबू हे झाड आहे. १९२७ च्या कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू होताच. गावाचं म्हणणं, नवा कायदा त्याला गौण वनोपज म्हणतो. बांबू तुमचा, पण रस्त्यावर आणायचा नाही, अशी ती गंमत होती. माल तुमच्या ताब्यात आहे पण त्याला वाट नाही, तर त्या मालाची किंमत शून्य. बंदरात कंटेनर पडून आहे आणि कागद दुसऱ्याच्या खिशात आहे, तशीच ही अवस्था.

शेवटी २०११ च्या मार्चमध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबू गौण वनोपज आहे आणि पास ग्रामसभेने द्यावेत. आणि २७ एप्रिल २०११ ला ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसोबत मेंढ्याला आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं.

हा फोटो मी कितीतरी वेळा बघितलाय. एक साधं छापील पुस्तक. पण वहीची लेखणी हातातून हातात गेली, असा प्रसंग आपल्या इतिहासात फार वेळा आलेला नाही. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्काच्या नियमांतच बदल झाला आणि वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देईल, असं लिहिलं गेलं.

जोखमी हुंडी

आता समुद्राकडे जाऊ. पण ब्लॉकचेनच्या आधी एक जुनी गोष्ट सांगतो. ब्लॉकचेनवाले ज्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात, म्हणजे अट पूर्ण झाली तरच पैसे सुटतील असा करार, तो आपल्या सावकार-व्यापाऱ्यांकडे कागदावर होता. त्याचं नाव जोखमी हुंडी.

साधी हुंडी म्हणजे अमक्याला इतके पैसे द्या असा कागद. जोखमी हुंडीत एक अट जोडलेली असायची की माल सुखरूप पोचला तरच पैसे. माल पाठवणारा हुंडी लिहायचा, ती विकून आधीच पैसे उचलायचा. जहाज पोचलं तर हुंडी वटायची. जहाज बुडालं तर हुंडी घेणाऱ्याचं नुकसान. म्हणजे एकाच चिठ्ठीत कर्जही आणि विमाही. हे चालायचं कशावर? पेढीच्या नावावर. हुंडी नाकारली तर बाजारात तोंड दाखवता येत नसे. न पुसता येणारी वही तेव्हा बाजाराच्या आठवणीत होती.

बिल ऑफ लेडिंग हा त्याच जातीचा कागद. माल जहाजावर चढला की जहाजाच्या वतीने सही होते. सहसा त्याच्या तीन मूळ प्रती निघतात. ज्याच्या हातात मूळ प्रत, माल त्याचा. बँका या कागदावर कर्ज देतात. यासाठी आपल्याकडे १८५६ चा कायदा होता, म्हणजे १८५७ च्या उठावाच्याही आधीचा. तो जाऊन नवा कायदा आला २०२५ मध्ये!

आजही बऱ्याचदा माल आधी पोचतो आणि कागद मागून. मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीने २०१४ मध्ये केनियातून नेदरलँड्सला जाणारा गुलाब आणि अव्हॅकाडोचा एक कंटेनर शेवटपर्यंत तपासला. त्यात जवळपास ३० माणसं आणि संस्था, आणि २०० च्या वर देवाणघेवाणी निघाल्या. एक कागद हरवला की गुलाब बंदरावर कुजणार.

वही कशी पुसता येत नाही

ब्लॉकचेन म्हणजे काय, ते फळीवरच्या वहीवर सांगतो. म्हणजे लक्षात राहील.

समजा दिवाणजीच्या वहीचं एक पान भरलं. त्या पानावरच्या प्रत्येक अक्षरावरून एक लांबलचक आकडा काढायचा. हिशोब असा की एक मात्रा जरी बदलली तरी आकडा पूर्ण बदलेल. याला हॅश म्हणतात, आपण त्याला पानाचा अंगठा म्हणू. आता पुढच्या पानाची पहिली ओळ म्हणजे आधीच्या पानाचा अंगठा. त्याच्या पुढच्या पानावर या पानाचा अंगठा. अशी साखळी झाली. कोणी दहाव्या पानावर दीडशेचे एकशे तीस केले, तर दहाव्या पानाचा अंगठा बदलणार, मग अकराव्याची पहिली ओळ जुळणार नाही, मग बाराव्याची. चोरी दिसते.

तरी दिवाणजी अख्खी वही नव्याने लिहील म्हणाल. म्हणून दुसरी युक्ती. वही एकट्याकडे ठेवायचीच नाही. गावातल्या दोनशे घरांत दोनशे प्रती. रोज सगळ्या जुळवायच्या.

यात काही जादू नाही. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्येच अशा साखळीची कल्पना मांडली होती. त्यांनी १९९५ पासून चक्क न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला असा आकडा छापायला सुरुवात केली. छापलेला पेपर लाखो घरांत जातो, तो कोण परत गोळा करून बदलणार? पुढे २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा निबंध आला आणि ब्लॉकचेन जगभर झाली.

मग मर्स्क आणि आयबीएम यांनी मिळून २०१८ मध्ये ट्रेडलेन्स काढलं. जहाज, बंदर, कस्टम, बँक, सगळ्यांची एकच साखळी-वही. पुढे एमएससी, सीएमए सीजीएम अशा दुसऱ्या मोठ्या जहाज कंपन्याही आल्या. वाटलं, झालं आता, कागद संपला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये घोषणा झाली की ट्रेडलेन्स बंद. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत ते थांबलं. कारण काय दिलं? संपूर्ण उद्योगाचं जसं सहकार्य हवं होतं तसं मिळालं नाही, आणि धंदा म्हणून ते उभं राहिलं नाही. यंत्र बिघडलं असं कोणी म्हटलं नाही. पण जाणकार सुरुवातीपासून एक गोष्ट विचारत होते की ज्या वहीची मालकी प्रतिस्पर्ध्याकडे आहे, त्या वहीत मी माझा धंदा कशाला लिहू?

आलं का लक्षात? दिवाणजीचाच प्रश्न. जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांनाही तो पडला.

एटापल्लीची साखळी

आणि आता परत घरी. बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण ब्लॉकचेन गडचिरोलीत येऊन गेली आहे. २०२२ मध्ये बातमी आली की एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रं पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवली जाणार. लेजिटडॉक ही त्यामागची प्रणाली. प्रमाणपत्रावरचा कोड स्कॅन केला की ते खरं आहे की बनावट ते कळणार.

मला याचं कौतुक आहे. बनावट आदिवासी दाखले काढून नोकऱ्या आणि प्रवेश लाटले गेले, ही महाराष्ट्रातली जुनी जखम आहे. एटापल्लीच्या पोराची जागा कोणीतरी खोट्या कागदावर घेत असेल, तर ते रोखणारी कुठलीही युक्ती चांगलीच.

पण खोटं दोन प्रकारचं असतं, मंडळी. एक, वहीत लिहिलेलं नंतर बदलणं. दोन, वहीत लिहितानाच चुकीचं लिहिणं किंवा लिहायचंच नाही. ब्लॉकचेन पहिल्यावर औषध आहे. दुसऱ्यावर नाही. उलट चुकीची नोंद एकदा साखळीत गेली की तीही पक्की होते.

अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर आपल्या राज्यात ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, महसूलची नोंद. आता सांगा, १९५० मध्ये एटापल्लीच्या आतल्या गावात शाळा कुठे होती? ज्याचे आजोबा कुठल्याच वहीत नव्हते, त्याला आजची अत्यंत आधुनिक वहीसुद्धा तेच विचारते: तुमची खूण नोंदवली आहे का?

४५वं कलम आठवलं ना?

आणि तिसराही एक प्रकार आहे. वही बरोबर आहे, सगळ्यांना मान्य आहे, तरी पैसे मिळत नाहीत. गडचिरोलीत अनेक ग्रामसभा आता स्वतः तेंदूचा लिलाव करतात. ठेकेदार करार करतो, पानं घेऊन जातो आणि रक्कम महिनोन्‌महिने अडकते, अशा तक्रारी कितीतरी गावांनी केल्या आहेत. तिथे करार कागदावर स्पष्ट असतो. कमी असते ती वसुलीची ताकद. तिथे जोखमी हुंडीची उलटी आवृत्ती कामाची आहे. लिलावाची रक्कम आधीच तिसऱ्याच्या खात्यात अडकवून ठेवायची आणि गोदामातून पोती हलायच्या आधी ती गावाच्या खात्यात पडायची. हे ब्लॉकचेनवर होऊ शकतं. साध्या बँकेतही होऊ शकतं. दोन्हीकडे पहिली गरज एकच, की अट लिहायला गाव टेबलावर बसलेलं पाहिजे.

२९ डिसेंबर २०२३ ला केंद्राने देशभरासाठी ऑनलाइन टीपीची यंत्रणा सुरू केली. लाकूड, बांबू आणि इतर वनोपजांसाठी एकच पास, त्यावर क्यूआर कोड, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालणारा. चांगली गोष्ट आहे. नाक्यावरची अडवणूक कमी होईल. पण मेंढ्याच्या हातात जे पुस्तक आलं होतं, ते स्क्रीनवर जाताना लॉगिन आणि पासवर्ड कोणाकडे राहतो, एवढं बघत राहिलं पाहिजे. आणि नेटवर्क नसलेल्या गावात पास कोण काढतो, हेही.

शेवटचं

मला कोणी विचारलं की आपल्या जंगलात अशी साखळी-वही यावी का, तर माझं उत्तर हो आहे, पण क्रम ठरलेला पाहिजे. आधी मोजणी सगळ्यांसमोर. मग नोंद मोठ्याने वाचून दाखवायची. मग त्या नोंदीची एक प्रत ग्रामसभेकडे, एक तोडणाऱ्याकडे, एक ठेकेदाराकडे. एवढं झालं की तंत्रज्ञान कुठलंही लावा, त्याचा उपयोग होईल. हे न करता नुसती वही पक्की केली, तर एकशे तीसचा आकडा पक्का होईल आणि दीडशे कायमचे जातील.

मागच्या उन्हाळ्यात मामीकडे गेलो होतो. आता त्यांच्या गावात ग्रामसभाच तेंदू विकते. फळीवर गावातलीच बी.ए. झालेली पोरगी लिहायला बसते. मोजून झालं की आकडा मोठ्याने सांगते, मग लिहिते, मग मामीच्या कार्डावरही लिहिते. मी मामीला विचारलं, "अजून गाठी मारता का?"

मामी म्हणाली, "मारतो ना. तिच्या वहीत, माह्या कार्डात आन्‌ माह्या दोरीत, तिन्हीकडे सारखं आलं का मंग झोप लागते."

तीन ठिकाणची नोंद जुळली की झोप लागते. ब्लॉकचेनची याहून सोपी व्याख्या मला तरी माहीत नाही.

तर मंडळी, आजचा भाग इथेच. तुमच्या घरी कोणी तेंदू तोडला असेल, डेपोत ओंडके मोजले असतील, नाक्यावर रात्र काढली असेल, तर आज त्यांना फोन करा आणि विचारा की हिशोब कसा ठेवायचे. आणि ते सांगतील ते रेकॉर्ड करून ठेवा, ती वही अजून कोणी लिहिलेली नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!